अंथरूण पाहून ससा पाळावा

घरात ससा येतो तो बहुधा मुलांच्या हट्टापायी. वाढदिवसाचे निमित्त असते, परीक्षेतील यशाचे असते, किंवा आठवड्याच्या बाजारातून परतताना धाकट्याचे पाय एका पिंजऱ्यापुढे खिळले, एवढेही कारण पुरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून तो येतो. पहिले आठ दिवस घरादाराचे लक्ष त्याच्या लांब कानांकडे आणि लालचुटूक डोळ्यांकडे असते. नवव्या दिवशी गृहिणीचे लक्ष त्याच्या बुडाखालच्या कागदाकडे जाते, आणि तेथून पुढे त्या मुक्या प्राण्याचे घरातील स्थान त्या कागदावर अवलंबून राहते, हे आम्ही अनेक घरांतून पाहिले आहे. ससा काय खातो हे जो तो विचारतो. तो कशावर बसतो आणि कशावर मलमूत्र विसर्जन करतो, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक तो घरात आठ-दहा वर्षे नांदणार की दुसऱ्याच पावसाळ्यात कोणाच्या तरी गळ्यात बांधला जाणार, याचा निकाल पुष्कळदा याच प्रश्नावर लागतो.

प्रथम शब्दांविषयी थोडे. शिक्षकाचा पेशा असल्याने वाचकांनी एवढी सवलत द्यावी. प्राण्याच्या खाली अंथरावयाच्या या वस्तूला इंग्रजीत 'लिटर' म्हणतात. दुकानात त्याच्या पिशव्याही पुष्कळदा लिटरच्याच मापाने मिळत असल्याने 'दहा लिटर लिटर द्या' असे मोठे विनोदी वाक्य बोलावे लागते. आपण साधे 'अंथरूण' म्हणू. दुसरा शब्द 'ससा'. मराठीत रानातल्या आणि घरातल्या दोन्ही प्राण्यांना हा एकच शब्द आहे. पण ते दोन निराळे जीव होत. आपल्या माळरानावरचा रानससा गवताच्या आडोशाला उघड्यावर राहतो, आणि त्याची पिले अंगावर केस व डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला संरक्षण आहे. त्याला धरून पाळता येत नाही. पाळीव सशाचे पूर्वज मात्र स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळे खणून कुटुंबाने राहणारे. त्यांची पिले उघडी व आंधळी जन्मतात. बिळात राहणाऱ्याला बीळ स्वच्छ ठेवावे लागते. म्हणून या जातीने ठरावीक जागीच विसर्जन करण्याची सवय लावून घेतली, आणि तीच आपल्या कामी येते. घरातला ससा बहुधा एकच कोपरा निवडतो. त्या कोपऱ्यात पसरट तबक ठेवले, त्यात त्याच्याच थोड्या लेंड्या व ओला कागदाचा तुकडा टाकला आणि कडेला गवत ठेवले, की थोड्याच दिवसांत तो आपण होऊन तेथे जाऊ लागतो. वयात आलेला नर मात्र हद्द आखण्यासाठी जागोजागी मूत्र उडवितो; त्याला शिकवणीपेक्षा पशुवैद्याकडील खच्चीकरणाचाच उपयोग अधिक.

आता तबकात काय अंथरावे?

याचे उत्तर देण्यापूर्वी त्यात काय पडते, हे पाहिले पाहिजे. एक ससा दिवसाकाठी दोन-तीनशे लेंड्या टाकतो. त्या कोरड्या, गोल आणि जवळजवळ वास नसलेल्या असतात; त्यांचा उपद्रव फारसा नाही. खरा प्रश्न मूत्राचा. दोन किलो वजनाचा ससा सर्वसाधारणपणे पाव लिटरच्या आसपास मूत्र दिवसभरात टाकतो. ते दाट, पुष्कळदा गढूळ आणि चुन्याने भरलेले असते, कारण आहारातील जास्तीचे कॅल्शियम ससा मूत्रावाटे बाहेर टाकतो. कधी त्याचा रंग विटकरी-तांबडा होतो. रक्त समजून घरात धावपळ होते, पण बहुधा तो पाल्यातील रंगद्रव्यांचा परिणाम असतो. या मूत्रातील युरियाचे सूक्ष्म जंतू विघटन करतात आणि अमोनिया वायू सुटतो. उष्णता आणि ओल असली की हे काम झपाट्याने होते. म्हणून जो कागद जानेवारीत दोन दिवस चालतो, तो जुलैत एका रात्रीत डोळ्यांना झोंबू लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले नाक जमिनीपासून पाच फुटांवर असते. सशाचे तबकापासून चार बोटांवर. शिवाय ससा जवळजवळ सर्वस्वी नाकानेच श्वास घेतो, तोंडाने नव्हे. आपल्याला वास आला की साफ करू, असे म्हणणारा मनुष्य सशाला कितीतरी तास आधीपासून त्या वायूत बसवीत असतो. अमोनियाने नाकाच्या आतील नाजूक त्वचा दुखावते, आणि पाश्चुरेला नावाच्या जंतूला आत शिरण्यास वाट मिळते. मग शिंका, नाक वाहणे, पुढचे पंजे ओलसर होणे आणि पुढे फुप्फुसाचा दाह, असा क्रम चालू होतो. ससा भित्रा, दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव. भक्ष्य असलेल्या प्राण्याने रडून दाखविले तर तो आधी मारला जातो. त्यामुळे लक्षण दिसते तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो.

अंथरूण निवडण्याचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम हा, की जे सशाने खाल्ले तरी त्याला बाधणार नाही, तेच खाली घालावे. कारण तो ते खाणारच. कुरतडणे हा त्याचा छंद नसून गरज आहे. त्याचे दात जन्मभर वाढत असतात. शिवाय गवत खाता खाता लेंड्या टाकण्याची त्याला सवय असल्याने त्याचे ताट आणि शौचपात्र ही एकाच जागी असतात. आपल्या सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेला हे रुचणार नाही. पण याहून पुढची गोष्ट अशी, की काही मऊ लेंड्या तो गुदद्वारापासूनच तोंडाने उचलून गिळतो, आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. ही विकृती नव्हे. गाय जसे रवंथ करते, तसे सशाचे हे दुसरे जेवण होय. एकदा हे समजले की तबकातील प्रत्येक वस्तूकडे खाद्य म्हणून पाहावे लागते.

या नियमाला सर्वांत मोठा धक्का देणारी वस्तू म्हणजे मांजरांसाठी मिळणारी, ओली होताच गोळा होणारी माती. ती बेंटोनाइट जातीच्या चिकणमातीपासून करतात. आपल्या देशात कच्छ व राजस्थानात ही माती निघते. पाणी लागताच ती फुगते आणि घट्ट गोळा बांधते, हाच तिचा गुण. मांजर ती सहसा खात नाही. ससा खातो, आणि सशाला उलटी करता येत नाही. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने दुकानदाराच्या सांगण्यावरून ती घेतली होती. घर नीटनेटके, वडील नोकरदार, मुलगा सातवीतला. सशाची हेळसांड करणारी मंडळी नव्हेत. तिसऱ्या आठवड्यात ससा एका संध्याकाळी गवताजवळ जाईनासा झाला. 'उद्या खाईल' असे सर्वांना वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी पशुवैद्याकडे नेले तोवर आतडे थांबले होते, आणि रात्री तो दगावला. पोटात मातीचा गोळा हाताला लागत होता, असे वैद्याने सांगितले. पिशवीवर मांजराचे चित्र होते, सशाचे नव्हते. पण ते कोणी वाचावयाचे? ससा दहा-बारा तास काही खात नसेल वा त्याच्या लेंड्या बंद झाल्या असतील, तर उद्याची वाट पाहू नये, हे मात्र प्रत्येक ससा पाळणाऱ्या घराने भिंतीवर लिहून ठेवावे. मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्याचे तुकडेही अंथरूण म्हणून विकतात. तेही पोटात अडकू शकतात, म्हणून ते टाळावेत.

दुसरी वस्तू लाकडाचा भुसा. तो स्वस्त, ठिकठिकाणी मिळणारा, आणि म्हणूनच सर्वांत जास्त वापरला जाणारा. येथे लाकूडलाकडांत भेद आहे, आणि तो केल्याशिवाय पोते उचलू नये. अमेरिकेत इलियट व्हेसेल या संशोधकाने १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की सुगंधी मऊ लाकडाच्या अंथरुणावर ठेवलेल्या उंदीर-घुशींच्या यकृतातील औषधे पचविणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण बदलते. म्हणजे नुसत्या खालच्या भुशाच्या वासाने यकृत जादा कामाला लागते! तिकडचा सिडार आणि आपला देवदार हे एकच झाड नव्हे. पण सुगंधी तेल दोघांतही भरपूर, आणि कपड्यांतील कसर पळविण्यासाठी लोक देवदार वापरतात ते त्या तेलासाठीच. चिडाच्या लाकडातही उडून जाणारी द्रव्ये असतात. पॅकिंगची खोकी पुष्कळदा चिडाची असतात, हे लक्षात ठेवावे. भट्टीत नीट सुकविलेल्या चिडाला तितका दोष देत नाहीत. सागवानाची धूळ माणसांच्याही त्वचेला खाज आणते, हे सुतारांना विचारावे. सर्वांत वाईट तो प्लायवुड आणि दाबून केलेल्या फळ्यांचा भुसा. त्यात डिंकाच्या जागी फॉर्माल्डिहाइडयुक्त गोंद असतो. हल्ली घरोघरी कपाटे याच फळ्यांची होत असल्याने सुताराकडचा फुकटचा भुसा बहुधा हाच असतो. म्हणून फुकट मिळाला तरी तो घरात आणू नये. वखारीतून आणावयाचा तर करवतीचा बारीक भुसा न आणता रंधा मारताना निघणाऱ्या पातळ, वळ्या पडलेल्या साली आणाव्यात, आणि लाकूड कोणते ते विचारूनच आणाव्यात. बारीक भुसा सशाच्या नाकातोंडात जातो.

आपले वाचक बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत आणि गोव्यापासून हैदराबादपर्यंत विखुरलेले आहेत. एकाच्या दारात जे पडून असते ते दुसऱ्याला विकत घ्यावे लागते. तेव्हा ज्याच्या त्याच्या मुलखाचा विचार केला पाहिजे.

बेळगाव-खानापूर, गोवा आणि हैदराबाद हा भाताचा मुलूख. तेथे तूस आणि पेंढा दोन्ही मिळतात. तुसात वाळूसारखी सिलिका फार. ते पाणी धरत नाही, नुसते वाहू देते. एकटे तूस घातले तर मूत्र तळाशी साठून राहते. पेंढ्याचेही थोडेफार तसेच: तो मऊ गादी होतो, शोषक होत नाही. वर घालण्यास उत्तम, पण ओला पेंढा बुरशी लवकर धरतो. बेळगावकडे उसाचे चिपाडही विपुल. ते पाणी पिते खरे, पण त्यातील उरलेल्या साखरेवर मुंग्या येतात. आणि साठवून बुरसटलेल्या चिपाडाची धूळ माणसांच्याही फुप्फुसांना विकार जडविते, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. ताजे व खडखडीत वाळलेले असेल तरच त्याचा विचार करावा. आमचे मत विचाराल तर करूच नये. गोव्यात व कोकणपट्टीत काथ्याचा भुसा, ज्याला रोपवाटिकेत 'कोकोपीट' म्हणतात, तो विटांच्या आकारात मिळतो. तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी पितो आणि वासही धरून ठेवतो. मात्र कोरडा असताना त्याची धूळ उडते, आणि खाल्ला तर तो पोटातही पाणी पिऊन फुगणार. म्हणून तो वापरावयाचा तर वर जाळी हवी.

बडोद्याकडे आणि एकूण गुजरातेत भुईमुगाची टरफले भरपूर. टरफलांच्या बाबतीत आम्ही कठोर आहोत. भुईमुगावर वाढणाऱ्या एका बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष १९६० साली इंग्लंडात टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले त्यानंतर उजेडात आले, आणि ससा हा त्या विषाला अत्यंत हळव्या प्राण्यांपैकी एक आहे. उन्हात वाळवून बुरशी मरगळते. तिने सोडलेले विष जात नाही. तेव्हा टरफले चुलीसाठी ठेवावीत. इंदूर-ग्वाल्हेरकडे गव्हाचे काड आणि मळणीचा बारीक भूसा मिळतो. त्यातले लांब काड वर अंथरण्यास चांगले. बारीक भुशाची धूळ ज्या कोणी मळणीच्या दिवसांत अनुभवली असेल, त्याला अधिक सांगणे नलगे.

अलीकडे कारखान्यांच्या बाष्पकांसाठी दाबून केलेल्या लाकडी गोळ्या पोत्यांनी मिळतात. निव्वळ लाकडाच्या असतील तर अंथरूण म्हणून त्या फार गुणाच्या. दाब आणि उष्णतेने त्यातील पुष्कळसे तेल उडून जाते, धूळ कमी होते, आणि मूत्र लागताच त्या फुगून त्यांचा भुगा होतो. त्यामुळे भिजलेली जागा ओळखून तेवढीच उचलता येते. अडचण एवढीच, की इंधनाच्या गोळ्यांत शेतातला वाटेल तो कचरा मिसळलेला असू शकतो, भुईमुगाची टरफलेही. 'निव्वळ लाकूड' असे विक्रेता खात्रीने सांगत नसेल तर त्या न घेतलेल्या बऱ्या.

आणि रद्दी? रद्दीला आम्ही कमी लेखत नाही. वर्तमानपत्राच्या शाईविषयी लोकांच्या मनात भय आहे, आणि माणसांचे गरम, तेलकट खाद्यपदार्थ त्यात बांधू नयेत असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बजावलेही होते. तरी सशाने एखादा तुकडा कुरतडला म्हणून त्याला लगेच अपाय होतो असे नाही. रंगीत, गुळगुळीत पुरवण्या तेवढ्या वगळाव्यात. कागद पाणी पितो, वास मात्र धरीत नाही. म्हणून तो रोज बदलावा लागतो. रद्दीहून सरस एक वस्तू आहे: अंडी ठेवण्याचे कोरे, राखाडी पुठ्ठ्याचे ट्रे. ते कागदाच्या लगद्याचेच असतात, त्यावर छपाई नसते, आणि फाडून तळाशी घातले तर ते पाणी झपाट्याने ओढून घेतात. अंड्यांचे डाग पडलेले घेऊ नयेत. घाऊक दुकानातून न वापरलेले मागावेत. अंडी न खाणाऱ्या घरांना या खरेदीचा संकोच वाटेल, त्यांनी ती मुलांवर सोपवावी.

कोणती वस्तू स्वस्त, हे किलोच्या भावावरून ठरवू नये. शंभर ग्रॅम वस्तू पातळ फडक्यात बांधावी, तासभर पाण्यात बुडवून ठेवावी, टांगून निथळू द्यावी आणि पुन्हा तोलावी. फडक्याचे ओले वजन वजा करावयास विसरू नये. समजा, एक वस्तू दहा रुपये किलो आहे आणि स्वतःच्या वजनाइतकेच पाणी धरते; दुसरी वीस रुपये किलो आहे, पण तिप्पट धरते. एक लिटर मूत्र शोषण्यास पहिलीचे दहा रुपये लागतील, दुसरीचे पावणेसात देखील लागणार नाहीत. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित घरीच करावयास लावावे. त्याच बैठकीत आणखी दोन परीक्षा होतात. खिडकीतून येणाऱ्या कवडशात मूठभर अंथरूण झाडून पाहावे. किरणात धूळ तरंगताना दिसली तर ती सशाच्या नाकात जाणार. दुसरी, झाकणाच्या बरणीत ते घालून बरणी तासभर उन्हात ठेवावी आणि झाकण काढून हुंगावे; सुगंध, गोंद वा कुबट वास यांपैकी काहीही आले तर ते नापास.

आमच्या घरी जी मांडणी टिकली ती सांगतो. जुने, कड उंच असलेले प्लास्टिकचे घमेले. तळाशी चारपदरी कोरी रद्दी. त्यावर बोट-दीड बोट फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडी गोळ्या. आणि सर्वांवर वाळल्या गवताचा जाड थर. गवत हे अंथरूणही आणि अन्नही, आणि सशाच्या पोटाला त्याहून हितकर दुसरे काही नाही. गवताचा भारा सुगीनंतर वाळलेला असताना घेऊन कोरड्या जागी ठेवला तर तोच पावसाळ्यात उपयोगी पडतो. आषाढात विकत घेतलेल्या गवताला बहुधा कुबट वास असतो. तबकाला नुसती तारेची जाळी मात्र ठेवू नये. अविकानगरसारख्या संशोधन संस्थांतून किंवा व्यवसाय म्हणून ससे पाळतात तेथे जाळीचे पिंजरे असतात, पण त्या गोष्टी वेगळ्या हिशेबाने चालतात. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर वा ओल्यावर सतत बसून टाचेला व्रण पडतात आणि ते लवकर भरत नाहीत. ओल्या बुडाला पावसाळ्यात माश्या अंडी घालतात व अळ्या पडतात, हे तर त्याहून भयंकर. त्या दिवसांत रोज एकदा ससा उचलून मागून पाहावा.

स्वच्छतेसाठी फिनेल वापरू नये. डांबर गोळ्या तर जवळपासही नकोत. तबकाला जो पांढरा, दगडासारखा थर चढतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच. त्यावर शिरका किंवा लिंबाच्या सत्त्वाचे पाणी ओतले की फसफसून तो सुटतो. शिरका आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधी एकत्र करू नये. विषारी वायू निघतो. नंतर साध्या पाण्याने धुऊन तबक उन्हात ठेवावे, आणि मुलांनी हात साबणाने धुवावेत. घरात कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे क्षीण झाली असेल तर तबकाचे काम त्यांच्याकडे देऊ नये, कारण सशाच्या मूत्रातून काही सूक्ष्म रोगबीजे येऊ शकतात.

उरले ते टाकावयाचे कोठे? सशाच्या लेंड्या शेणखताप्रमाणे कुजवाव्या लागत नाहीत. ताज्याच कुंडीत घातल्या तरी मुळे जळत नाहीत. भिजलेला कागद, पुठ्ठा व गवत मात्र पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने मुरू द्यावे. आमच्या सौभाग्यवतींनी गुलाब, जास्वंद आणि मोगरा यांच्या कुंड्यांना या खताची परवानगी दिली. तुळशीला दिली नाही. दोन वर्षे झाली, मोगरा मनगटाएवढा झाला आहे आणि तुळस आहे तेवढीच आहे, हे त्यांनाही दिसते. पण त्या विषयावर आमच्या घरी चर्चा होत नाही.